चुंग लिंग सू

चुंग लिंग सू (मूळ नाव: विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, २ एप्रिल, इ.स. १८६१, न्यू यॉर्क राज्य, अमेरिका – २४ मार्च, इ.स. १९१८, वुड ग्रीन, इंग्लंड) हे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मोठी लोकप्रियता मिळवलेले अमेरिकन जादूगार होते. इ.स. १९०० पासून मृत्यूपर्यंत सुमारे अठरा वर्षे त्यांनी रंगमंचावर चिनी जादूगाराचे सोंग वठवले. या काळात ते प्रेक्षकांसमोर इंग्रजी बोलत नसत आणि वार्ताहरांशीही दुभाष्यामार्फतच संवाद साधत. बंदुकीतून सुटलेल्या गोळ्या बशीत झेलण्याचा त्यांचा प्रयोग विशेष गाजला. हा प्रयोग खास बदल करून घेतलेल्या ठासणीच्या बंदुकांवर अवलंबून होता. या बंदुकांतून मोठा आवाज, ज्वाळा आणि धूर निघे, पण नळीतील गोळी जागीच राही. २३ मार्च, इ.स. १९१८ रोजी लंडनजवळील वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात यांपैकी एका बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशी रॉबिन्सन यांचे निधन झाले.

मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या बनावट किंवा सुधारित बंदुकांच्या इतिहासात हा अपघात महत्त्वाचा मानला जातो. नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या क्षेत्रांत पुढे घडलेल्या अनेक अपघातांचे मूळ कारण या घटनेत आधीच दिसून येते.

जन्म आणि बालपण

रॉबिन्सन यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील वेस्टचेस्टर परगण्यात, स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील जेम्स कॅम्पबेल रॉबिन्सन हे फिरत्या करमणूक मंडळ्यांतील कलावंत होते. नकला, शब्दभ्रम, संमोहन आणि जादू असे विविध प्रकार ते सादर करीत. घरातच हे वातावरण असल्यामुळे विल्यम यांना लहानपणापासून जादूची गोडी लागली. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी पहिला जाहीर प्रयोग केला. तरुणपणी ते स्वतःच्याच नावाने, गूढ पुरुष अशी जाहिरात करून, प्रयोग करीत. मात्र या काळात त्यांना फारसे यश लाभले नाही. हातचलाखीत आणि यंत्ररचनेत ते निष्णात होते, परंतु प्रेक्षकांशी बोलून त्यांना खिळवून ठेवण्याचे कसब त्यांच्याकडे नव्हते. त्या काळातील पाश्चात्त्य जादूगाराच्या यशात बोलण्याचा वाटा मोठा असे, त्यामुळे ही उणीव त्यांना भोवली.

थोर जादूगारांचे साहाय्यक

इ.स. १८८० च्या दशकात जर्मनीतील माक्स आउत्सिंगर यांनी काळ्या पार्श्वभूमीवरील जादूचा एक प्रकार लोकप्रिय केला होता. रंगमंच काळ्या मखमलीने मढवून दिव्यांचा प्रकाश प्रेक्षकांच्या दिशेने सोडला जाई. त्यामुळे काळे कपडे घातलेले साहाय्यक अदृश्य राहत आणि पांढऱ्या वस्तू अधांतरी प्रकटल्याचा भास होई. आउत्सिंगर बेन अली बे या नावाने प्रयोग करीत. रॉबिन्सन यांनी तोच प्रकार अमेरिकेत आणला आणि त्यासाठी आखमेद बेन अली असे मिळतेजुळते नाव घेतले. दुसऱ्या कलावंताची कल्पना आणि त्याच्या नावाची छाया, दोन्ही एकत्र उचलण्याची ही त्यांची पद्धत पुढे चुंग लिंग सूच्या रूपात पुन्हा दिसली.

या प्रयोगामुळे त्यांच्याकडे हॅरी केलर यांचे लक्ष गेले. केलर आणि अलेक्झांडर हर्मन हे त्या वेळचे अमेरिकेतील दोन आघाडीचे जादूगार आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. रॉबिन्सन यांनी दोघांकडेही पडद्यामागचे साहाय्यक म्हणून काम केले. नवी यंत्रे बनवणे, जुनी दुरुस्त करणे, प्रयोगांची आखणी करणे आणि रंगमंचाची व्यवस्था पाहणे ही कामे त्यांच्याकडे असत. इ.स. १८९६ मध्ये हर्मन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी ॲडलेड आणि पुतणे लिऑन यांनी चालवलेल्या मंडळीतही ते काही काळ होते. बंदुकीच्या गोळ्या झेलण्याचा प्रयोग हर्मन दांपत्य करीत असे, त्यामुळे या प्रयोगाची ओळख रॉबिन्सन यांना पडद्यामागूनच झाली होती.

जादूच्या साहित्याचाही त्यांचा व्यासंग होता. मृतात्म्यांशी संपर्क साधल्याचा दावा करणारे लोक बंद पाट्यांवर अक्षरे कशी उमटवतात, याचा उलगडा करणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक इ.स. १८९८ मध्ये न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाले. फसवणुकीच्या अशा युक्त्यांचे तपशीलवार विवेचन करणारे हे पुस्तक जादूच्या अभ्यासकांत आजही ओळखले जाते.

चिंग लिंग फू यांचे आव्हान

इ.स. १८९८ मध्ये ओमाहा येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने चिनी जादूगार चिंग लिंग फू अमेरिकेत आले. त्यांचे मूळ नाव चू ल्यानख्वेई असे होते. रिकाम्या दिसणाऱ्या कापडाखालून पाण्याने काठोकाठ भरलेले भले मोठे भांडे काढून दाखवणे हा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग होता. हा प्रयोग करून दाखवणाऱ्यास १,००० डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. रॉबिन्सन यांनी त्याची रीत शोधून काढली आणि आव्हान स्वीकारण्याची तयारी दाखवली. फू यांच्याकडून मात्र प्रतिसाद मिळाला नाही. अनेक चरित्रकारांच्या मते या घटनेचा सल रॉबिन्सन यांच्या मनात कायम राहिला.

चुंग लिंग सूचा अवतार

इ.स. १९०० मध्ये पॅरिसमधील फोली बेर्जेर या नाट्यगृहासाठी फू यांच्यासारख्या चिनी जादूगाराचा शोध सुरू होता. रॉबिन्सन यांनी ही संधी घेतली. त्यांनी मिशी काढून टाकली, चेहरा रंगवला, लांब वेणी आणि रेशमी चिनी पोशाख धारण केला आणि हॉप सिंग लू या नावाने ते पॅरिसमध्ये उभे राहिले. त्यानंतर लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात आले तेव्हा त्यांनी चुंग लिंग सू हे नाव घेतले. चिंग लिंग फू या नावाशी असलेले त्याचे साम्य उघड होते.

या रूपाला साजेशी जीवनकथाही रचण्यात आली. स्कॉटिश धर्मोपदेशक पिता आणि चिनी माता यांचा हा मुलगा असून त्याला चीनमध्ये जादूचे शिक्षण मिळाले, असे सांगितले जाई. रंगमंचावर सू मौन पाळत. मुलाखतीच्या वेळी ते चिनी भासणारे शब्द उच्चारत आणि दुभाषी त्यांचे इंग्रजी करून सांगे. दुभाष्याचे काम त्यांच्या मंडळीतील कामेतारो हे जपानी कलावंत करीत. रॉबिन्सन यांच्या जोडीदार ऑलिव्ह पाथ, अर्थात डॉट, या लहान चणीच्या होत्या. त्या सुई सीन या नावाने चिनी स्त्रीच्या वेषात रंगमंचावर येत. सू यांचे खरे रूप व्यवसायातील सहकाऱ्यांना आणि मित्रांना ठाऊक होते, सामान्य प्रेक्षकाला मात्र त्याची कल्पना नसे.

या सोंगाने रॉबिन्सन यांची जुनी अडचण दूर केली. चिनी जादूगाराकडून इंग्रजी संभाषणाची अपेक्षा कोणी करीत नव्हते. त्यामुळे बोलण्यातील उणीव झाकली गेली आणि हालचालींतील डौल, यंत्ररचनेतील कौशल्य व नेपथ्याची भव्यता हे त्यांचे गुण उठून दिसले. प्रेक्षकांच्या डोक्यावरून हवेत गळ फेकून त्याला जिवंत मासा लागल्याचे ते दाखवीत. दोरी बांधलेला बाण स्त्रीच्या शरीरातून आरपार गेल्याचा भास हा त्यांचा आणखी एक गाजलेला प्रयोग होता. बर्मिंगहॅम येथील जेम्स अप्टन यांच्या छापखान्यात छापलेली त्यांची रंगीत भित्तिपत्रके प्रसिद्ध झाली आणि आज ती संग्राहकांकडून जपली जातात. ब्रिटनमधील नाट्यगृहांत त्यांची गणना सर्वाधिक मागणी असलेल्या कलावंतांत होऊ लागली. इ.स. १९०९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाचाही दौरा केला.

लंडनमधील सामना

इ.स. १९०५ च्या आरंभी चिंग लिंग फू लंडनमध्ये होते. त्यांचे प्रयोग लेस्टर चौकातील एम्पायर नाट्यगृहात होत होते, तर जवळच्या हिप्पोड्रोममध्ये चुंग लिंग सू यांचे प्रयोग चालू होते. आपले अनुकरण करणारा कलावंत आपल्यापेक्षा अधिक लोकप्रिय झाल्याचे फू यांना तेथे दिसले. आपण खरे चिनी असून सू हे तोतया आहेत, असे फू यांनी जाहीर केले. आपल्या वीस प्रयोगांपैकी दहा प्रयोग करून दाखवल्यास १,००० पौंड देण्याचे आव्हानही त्यांनी दिले.

वीकली डिस्पॅच या वृत्तपत्राच्या कार्यालयात ७ जानेवारी, इ.स. १९०५ रोजी सामना ठरला. सू ठरल्या वेळी हजर राहिले आणि त्यांनी प्रयोग करून दाखवले. फू आले नाहीत. सू यांनी आपण चिनी असल्याचे आधी सिद्ध करावे, अशी त्यांची मागणी होती. सामन्याचे स्वरूप मात्र जादूच्या कौशल्यापुरते मर्यादित ठेवण्यात आले होते. वृत्तपत्रांच्या दृष्टीने सू विजयी ठरले. फू यांचा मूळ आक्षेप खरा होता, तरीही त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

गोळ्या झेलण्याचा प्रयोग

बंदुकीची गोळी पकडून दाखवण्याचा प्रयोग सू यांच्यापूर्वी कित्येक पिढ्या चालत आलेला होता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश जादूगार जॉन हेन्री अँडरसन यांनी तो लोकप्रिय केला. फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ यांनी इ.स. १८५६ मध्ये अल्जीरियात तो स्थानिक लोकांना प्रभावित करण्यासाठी वापरला. हा प्रयोग करताना अनेक कलावंत जखमी किंवा मृत झाल्याच्या कथा जादूगारांमध्ये प्रचलित होत्या.

सू यांनी या जुन्या प्रयोगाला समकालीन राजकारणाची जोड दिली. इ.स. १९०० मध्ये चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर बंड झाले. परकीयांच्या गोळ्यांचा आपल्या शरीरावर परिणाम होणार नाही, अशी अनेक बंडखोरांची श्रद्धा होती. बंडखोरांनी चुंग लिंग सू यांना मृत्युदंड दिला, पण त्यांनी गोळ्या हाताने झेलून स्वतःचा जीव वाचवला, असे कथानक या प्रयोगासाठी रचण्यात आले. बॉक्सर बंडखोरांच्या वेषातील साहाय्यक सू यांच्यावर बंदुका रोखत. प्रेक्षकांपैकी काही जण रंगमंचावर येऊन गोळ्या तपासत, त्यांच्यावर खुणा करीत आणि बंदुका भरल्या जात असताना जवळून पाहत. बंदुका झडल्यावर सू चिनी मातीच्या बशीवर गोळ्या झेलल्याचे दाखवीत आणि खूण केलेल्या त्याच गोळ्या प्रेक्षकांपुढे ठेवीत.

खूण केलेल्या गोळ्या बंदुकीत जाण्यापूर्वीच हातचलाखीने बदलल्या जात. त्यामुळे बंदुकीत तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गोळ्या जात आणि खुणेच्या गोळ्या सू यांच्याकडे राहत. प्रयोगाचा हा भाग निर्धोक होता. खरा धोका बंदुकांत होता, कारण प्रेक्षकांची खात्री पटावी म्हणून त्यांच्या नळीत खरी दारू आणि खरी गोळी ठासली जात असे.

बंदुकांची रचना

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून आधी दारू आणि नंतर गोळी घालून ती गजाने ठासतात. घोडा पडताच निर्माण होणारी ठिणगी नळीच्या मागील टोकाजवळच्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि दारू पेटते. ठासण्याचा गज ठेवण्यासाठी मुख्य नळीच्या खाली आणखी एक अरुंद नळी बसवलेली असते.

सू यांच्या बंदुका दिसायला अगदी अशाच होत्या, परंतु त्यांच्या अंतर्भागात बदल करण्यात आला होता. ठिणगीचा मुख्य नळीकडे जाणारा मार्ग बंद करून तो खालच्या गजाच्या नळीकडे वळवला होता. या खालच्या नळीत गोळी नसलेली, केवळ दारूची भरणी आधीच केलेली असे. चाप ओढल्यावर ठिणगी खालच्या नळीत जाई आणि तेथील दारूचा बार उडे. आवाज, ज्वाळा आणि धूर सगळे खरे असे. वरच्या नळीतील दारू व गोळी मात्र जशीच्या तशी राहत असे. खालची नळी मोकळी राहावी म्हणून गोळी ठासल्यानंतर गज पुन्हा तिच्या जागी ठेवला जात नसे. धुराच्या लोटात ही बाब कोणाच्या लक्षात येत नसे.

अशा प्रकारे ही बंदूक एकाच वेळी खरी आणि खोटी होती. वरची नळी बंदुकीचे सर्व काम करू शकत होती. तिच्यातील दारू आणि ठिणगी यांच्यामध्ये धातूचा एक अडसर होता आणि जादूगाराचा जीव त्या अडसरावरच अवलंबून होता.

प्रयोग संपल्यावर वरच्या नळीत अडकून राहिलेली दारू आणि गोळी बाहेर काढणे आवश्यक असे. भरलेली बंदूक उडवून रिकामी करणे किंवा टोकाला स्क्रू असलेल्या गजाने गोळी तोंडाकडून ओढून काढणे ही त्याची रूढ पद्धत होती. दारू आणि गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून सू यांच्याकडे प्रत्येक प्रयोगानंतर नळीचा मागचा भाग पेच फिरवून उघडला जाई आणि भरणी मागच्या बाजूने काढून घेतली जाई. वर्षानुवर्षे पेच उघडझाप केल्याने तेथील जोड पूर्वीइतका घट्ट राहिला नाही. न जळलेल्या दारूचे बारीक कणही ठिणगीच्या मार्गात साचत गेले. बाहेरून पाहणाऱ्याला यातील काहीच दिसणे शक्य नव्हते.

मृत्यू

२३ मार्च, इ.स. १९१८ रोजी शनिवार होता. पहिले महायुद्ध चालू होते आणि दोनच दिवसांपूर्वी पश्चिम आघाडीवर जर्मन सैन्याने मोठी चढाई सुरू केली होती. त्या रात्री वुड ग्रीन एम्पायरमध्ये सू यांनी दुसऱ्या खेळाच्या अखेरीस गोळ्या झेलण्याचा प्रयोग केला. नेहमीप्रमाणे बंदुका भरण्यात आल्या, सू हातात बशी घेऊन उभे राहिले आणि साहाय्यकांनी चाप ओढले. एका बंदुकीत ठिणगी खालच्या नळीबरोबरच वरच्या नळीतील दारूपर्यंतही पोहोचली. गोळी वेगाने बाहेर पडली आणि सू यांच्या छातीत शिरली.

काहीतरी अघटित घडल्याचे सांगून पडदा पाडण्याची विनंती त्यांनी इंग्रजीत केली. चुंग लिंग सूचे रूप घेतल्यापासून रंगमंचावर ते इंग्रजी बोलल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ मानली जाते. अनेक प्रेक्षकांना हा प्रयोगाचाच भाग वाटला. त्यांना जवळच्या पासमोर एडवर्ड्स रुग्णालयात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २४ मार्च रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या बातमीबरोबर त्यांचे खरे नाव आणि मूळ देश यांची माहिती सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचली. लंडनमधील ईस्ट शीन दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला.

चौकशी

मृत्यूच्या कारणाची अधिकृत चौकशी झाली. प्रयोगाचे रहस्य तोपर्यंत मंडळीबाहेर कोणाला माहीत नव्हते. डॉट यांना ते चौकशीत उघड करावे लागले. बंदुकांचे जाणकार रॉबर्ट चर्चिल यांनी बंदुकांची तपासणी करून बिघाडाचे कारण स्पष्ट केले. मृत्यू अपघाती असल्याचा निर्णय देण्यात आला.

यानंतरही खून किंवा आत्महत्येच्या अफवा जादूगारांच्या वर्तुळात बराच काळ फिरत राहिल्या. सू यांचे गुंतागुंतीचे खासगी आयुष्य त्यांना कारणीभूत ठरले. तथापि बंदुकीच्या तपासणीत आढळलेली झीज आणि बंदूक रिकामी करण्याची सदोष पद्धत ही कारणे अपघाताचा उलगडा करण्यास पुरेशी मानली जातात.

गुप्ततेचा या अपघाताशी असलेला संबंध अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बंदुकांचे रहस्य ही सू यांची मोठी व्यावसायिक ठेव होती, त्यामुळे त्यांची देखभाल मंडळीच्या आतच होई. एखाद्या कुशल बंदूक कारागिराने अपघातानंतर जे दोष दाखवले, ते त्याच्या हाती या बंदुका आधी पडल्या असत्या तर तेव्हाही दाखवता आले असते. परंतु तसे करायचे तर रहस्यात बाहेरच्या व्यक्तीला वाटेकरी करावे लागले असते.

वैयक्तिक जीवन

रॉबिन्सन यांचा पहिला विवाह इ.स. १८८३ मध्ये बेसी स्मिथ यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. पुढे डॉट त्यांच्या जीवनात आणि प्रयोगांत सहभागी झाल्या आणि केलर यांच्या मंडळीपासून अखेरच्या रात्रीपर्यंत त्यांनी साथ दिली. प्रेक्षक त्यांना सू यांची चिनी पत्नी समजत. उत्तरायुष्यात रॉबिन्सन यांचे लुईस ब्लॅचफर्ड यांच्याशीही संबंध जुळले आणि त्यांच्यापासून त्यांना तीन अपत्ये झाली. असे असूनही डॉट आणि रॉबिन्सन यांची रंगमंचावरील जोडी कायम राहिली. जिम स्टाइनमेयर यांनी इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या दुहेरी आयुष्याची सविस्तर मांडणी केली आहे. त्यापूर्वी इ.स. १९५५ मध्ये विल डेक्स्टर यांनीही त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते.

परिणाम आणि नंतरचा काळ

सू यांच्या मृत्यूने जादूगारांना मोठा धक्का बसला. त्याच वर्षी हॅरी हूडिनी यांनी गोळी झेलण्याचा प्रयोग करण्याचा विचार चालवला होता. सू यांचे जुने मालक हॅरी केलर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी पत्र लिहून हूडिनी यांना या प्रयोगापासून दूर राहण्याचा कळकळीचा सल्ला दिला. हूडिनी यांनी तो बेत सोडून दिला.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या उदयानंतर दिखाऊ बंदुकांची गरज अनेक पटींनी वाढली. या माध्यमांत सामान्यतः ब्लँक काडतुसे, म्हणजे दारू असलेली पण गोळी नसलेली काडतुसे वापरतात. त्यासाठी दोन प्रकारच्या बंदुका असतात. पहिल्या प्रकारात खऱ्या बंदुकीत बदल करून ती ब्लँक काडतुसांसाठी योग्य बनवली जाते. स्वयंचलित बंदुकीत गोळी नसल्याने यंत्रणा फिरवण्यास पुरेसा वायुदाब तयार होत नाही, म्हणून तिच्या नळीत अडथळा बसवून दाब वाढवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीपासूनच केवळ ब्लँक काडतुसे उडवण्यासाठी बंदूक घडवली जाते. तिच्यात खरे काडतूस बसू नये अशी व्यवस्था असते आणि काही बंदुकांत नळी पुढून बंद ठेवून तप्त वायू वरच्या किंवा बाजूच्या छिद्रातून सोडला जातो. सू यांच्या बंदुका पहिल्या प्रकाराच्या पूर्वसुरी म्हणता येतील, कारण त्यांच्यात खरी गोळी उडवण्याची क्षमता शिल्लक होती.

या क्षमतेचा धोका पुढेही दिसून आला. इ.स. १९८४ मध्ये अमेरिकन अभिनेते जॉन-एरिक हेक्सम यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी ब्लँक काडतूस भरलेले रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नसतानाही केवळ स्फोटाच्या जोराने त्यांना प्राणघातक इजा झाली. इ.स. १९९३ मध्ये द क्रो या चित्रपटाच्या चित्रीकरणात अभिनेते ब्रँडन ली यांचा मृत्यू झाला. नीट तयार न केलेल्या दिखाऊ काडतुसातील गोळी आधीच रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून बसली होती. नंतर भरलेल्या ब्लँक काडतुसाच्या दारूने ती पुढे ढकलली गेली. नळीत कोणाच्याही ध्यानात नसलेली गोळी आणि तिच्यामागे पेटलेली दारू, हे दोन घटक वुड ग्रीन येथील अपघाताप्रमाणेच येथेही एकत्र आले. इ.स. २०२१ मध्ये रस्ट या चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी खरे काडतूस भरलेल्या रिव्हॉल्व्हरमुळे छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चित्रीकरणात गोळी उडवू शकणारी बंदूक वापरावीच का, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

वुड ग्रीन एम्पायर ही वास्तू नामवंत वास्तुरचनाकार फ्रँक मॅचम यांनी उभारली होती आणि इ.स. १९१२ मध्ये ती सुरू झाली. इ.स. १९५५ पासून काही वर्षे तिचा उपयोग दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणासाठी करण्यात आला. पुढे नाट्यगृह पाडण्यात आले. त्याच्या दर्शनी भागाचा काही अंश शिल्लक आहे.

मूल्यमापन

जादूच्या इतिहासात रॉबिन्सन यांचे स्थान दुहेरी आहे. कुशल यंत्रज्ञ, भव्य प्रयोगांचे आयोजक आणि अनेक वर्षे न डगमगता भूमिका वठवणारे कलावंत म्हणून त्यांचा गौरव होतो. दुसरीकडे, एका चिनी कलावंताचे नाव, पोशाख आणि प्रयोग उचलून त्याच्याच विरोधात यश मिळवल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होते. त्या काळी अनेक पाश्चात्त्य जादूगार पौर्वात्य नावांनी प्रयोग करीत. ओकितो या नावाने ओळखले जाणारे डच जादूगार टोबियास बाम्बर्ग हे त्यांपैकीच होत. पूर्वेकडील देशांविषयीच्या पाश्चात्त्य कुतूहलाचा आणि गैरसमजांचा लाभ अशा प्रयोगांना मिळत असे. चिनी कलावंतांना मात्र त्याच रंगमंचांवर स्वतःचे अस्सलपण सिद्ध करावे लागे.

इ.स. २००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ख्रिस्तोफर नोलन दिग्दर्शित द प्रेस्टीज या चित्रपटात चुंग लिंग सू हे पात्र आहे. ही भूमिका अभिनेते चाओ ली ची यांनी केली. रंगमंचाबाहेरही सोंग अखंड निभावणाऱ्या कलावंताचे उदाहरण म्हणून हे पात्र चित्रपटात येते. तेथे सू हे खरोखरीच चिनी दाखवले आहेत आणि त्यांच्या नावावर दिलेला पाण्याच्या भांड्याचा प्रयोग मुळात चिंग लिंग फू यांचा होता. त्यामुळे दोन्ही कलावंतांची एकमेकांत मिसळलेली ओळख त्यांच्या मृत्यूनंतरही पूर्णपणे वेगळी झालेली नाही.